प्रेक्षक होते, वाहिनी बुडाली

७ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या बफेलो शहरात एक दूरचित्रवाणी वाहिनी बंद पडली. 'एम्पायर स्पोर्ट्स नेटवर्क' हे तिचे नाव. १९९० साल सरता सरता ती सुरू झाली होती. म्हणजे तिला चौदा वर्षांहून थोडे अधिक आयुष्य लाभले. वाहिन्या सुरू होतात आणि बंदही पडतात. दूरच्या देशातील एका मध्यम शहराच्या क्रीडावाहिनीचा अंत ही मराठी वाचकाने दखल घ्यावी अशी घटना आहे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु अर्थव्यवहारात प्रचंड संस्थांच्या पतनापेक्षा लहान संस्थांचे पतन पुष्कळदा अधिक बोधप्रद असते. कारण तेथे कारण आणि परिणाम यांची सांगड स्पष्ट दिसते. एखादे दुकान गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडले, तर त्यात कोडे काहीच नाही. गिऱ्हाईक दारात उभे असताना दुकानाला कुलूप लागले, तर मात्र त्याचे उत्तर शोधावे लागते. एम्पायरचे कोडे या दुसऱ्या जातीचे आहे.

उतरणीला लागलेले शहर

बफेलोचा इतिहास हा एका व्यापारी नाक्याचा इतिहास आहे. १८२५ मध्ये ईरी कालवा पुरा झाला आणि सरोवरांच्या प्रदेशातील धान्य बफेलोत उतरून कालव्याच्या वाटेने न्यूयॉर्ककडे जाऊ लागले. वाफेच्या बळावर धान्य उचलून साठविणारी कोठारे १८४० च्या दशकात प्रथम याच बंदरात उभी राहिली. पुढे पोलाद आले. शहराला लागूनच असलेल्या लॅकवाना येथील बेथलेहेम कंपनीच्या कारखान्यात भरभराटीच्या दिवसांत सुमारे वीस हजार माणसे कामाला होती. मग दिवस पालटले. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि धान्याच्या जहाजांना बफेलोत थांबण्याचे कारण उरले नाही. १९८३ मध्ये लॅकवाना येथील पोलादाच्या भट्ट्या विझल्या. १९५० च्या शिरगणतीत या शहराची लोकसंख्या ५ लाख ८० हजार होती; २००० मध्ये ती २ लाख ९२ हजारांवर आली. काही लोक उपनगरांत गेले हे खरे; पण पुष्कळ जण त्या प्रदेशालाच रामराम ठोकून गेले.

ज्या शहराची बंदराची आणि कारखान्याची ओळख पुसली जाते, त्याला आपण अद्याप आहोत हे सांगणारे काहीतरी लागते. बफेलोला ते खेळात सापडले. 'बिल्स' हा अमेरिकन फुटबॉलचा संघ आणि १९७० मध्ये नॉक्स बंधूंच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'सेबर्स' हा बर्फावरील हॉकीचा संघ, ही या शहराची दोन दैवते. दैवते फारशी प्रसन्न झाली असे मात्र नाही. १९९१ ते १९९४ या चारही वर्षांच्या जानेवारीत बिल्स अंतिम सामन्यात उतरले आणि चारही वेळा हरले. त्यांतला पहिला पराभव अवघ्या एका गुणाने झाला. जून १९९९ मध्ये सेबर्स अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि डॅलसविरुद्धच्या सहाव्या लढतीत, तिसऱ्या जादा डावात, मध्यरात्र उलटून गेल्यावर झालेल्या एका गोलने त्यांचा घास हिरावला गेला. गोल करणाऱ्याचा पाय मनाई असलेल्या क्षेत्रात होता की नव्हता, हा वाद त्या शहरात आजही निघतो. पराभवाची एवढी सवय असूनही त्या शहराने खेळावरचे प्रेम आटू दिले नाही, ही गोष्ट एम्पायरच्या कथेत सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

हक्कांचा हिशेब

प्रादेशिक क्रीडावाहिनी हा प्रकार मुळात का जन्मला, हे समजण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका संघाच्या वाट्याला वर्षाकाठी थोडेच सामने येतात. १९६१ च्या एका कायद्याने संघांना आपले प्रक्षेपणहक्क एकत्र करून विकण्याची मुभा दिली आणि तेव्हापासून ते हक्क राष्ट्रीय पातळीवरच विकले जातात. बिल्सच्या स्पर्धेतील सामन्यांवर स्थानिक वाहिनीला म्हणून हक्क सांगता येत नव्हता. हॉकी, बेसबॉल आणि बास्केटबॉल यांची गोष्ट निराळी. हॉकीचा संघ एका हंगामात ऐंशीच्या आसपास सामने खेळतो, बेसबॉलचा तर एकशे बासष्ट. राष्ट्रीय वाहिन्यांना त्यांतले निवडक तेवढे हवे असतात. उरलेल्या सामन्यांत रस असतो तो त्या त्या गावाला. या उरलेल्या मालाची बाजारपेठ म्हणजे प्रादेशिक क्रीडावाहिनी. १९९९ च्या ज्या अंतिम फेरीसाठी बफेलो रात्र रात्र जागले, ती राष्ट्रीय वाहिन्यांच्या वाट्याला गेली होती. परंतु नोव्हेंबरमधल्या एखाद्या मंगळवारचा किरकोळ सामना दाखविण्याचे व्रत स्थानिक वाहिनीलाच चालवावे लागते.

अशा वाहिनीचे उत्पन्न दोन वाटांनी येते. एक वाट जाहिरातींची. ती सर्वांना दिसते. दुसरी वाट दिसत नाही, पण अधिक महत्त्वाची असते. केबल कंपनी आपल्या प्रत्येक ग्राहकामागे दरमहा ठरावीक रक्कम वाहिनीला देते आणि ती ग्राहकाच्या बिलात मिळवून वसूल करते. ग्राहक तो खेळ पाहतो की नाही, याच्याशी या वसुलीचा संबंध नसतो. हॉकी पाहणारी दहा घरे आणि न पाहणारी नव्वद घरे मिळून शंभर घरे तिचा खर्च उचलतात. एकत्रित विक्रीचे हे तत्त्व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाही. त्याच्यात अन्याय आहे असे वाटले तर तो आहेच; परंतु त्याच्याच बळावर थोड्यांच्या आवडीच्या अनेक गोष्टी जगतात. ज्याला हॉकी नको त्याला चित्रपट हवे असतात, आणि ज्याला चित्रपट नकोत त्याला बातम्या. प्रत्येक जण दुसऱ्याच्या आवडीचा थोडा भार वाहतो आणि आपला थोडा दुसऱ्यावर टाकतो.

एम्पायरने या हिशेबावर एक बऱ्यापैकी संसार थाटला. सेबर्सचे सामने हा तिचा मुख्य आधार. १९७१ पासून रेडिओवर सेबर्सचे धावते वर्णन करणारे रिक जेनरेट १९९० च्या दशकाच्या मध्यावर दूरचित्रवाणीकडे वळले आणि त्यांचा आवाज हीच या प्रक्षेपणाची खूण ठरली. हे काम त्यांनी २०२२ पर्यंत केले. परंतु वाहिनीचे खरे मोल त्या मोठ्या सामन्यांच्या आजूबाजूला होते. बेसबॉलच्या खालच्या श्रेणीतील 'बायसन्स', बंदिस्त मैदानातील लॅक्रॉसचा 'बॅन्डिट्स' हा संघ, आसपासच्या महाविद्यालयांचे बास्केटबॉल, शाळांचे सामने आणि रोजच्या चर्चा यांना तेथे जागा मिळाली. राष्ट्रीय वाहिनीच्या दृष्टीने यांतल्या कशालाच किंमत नव्हती. शाळेच्या सामन्यात खेळणारा मुलगा आणि त्याला पडद्यावर पाहणारे त्याचे शेजारी यांना मात्र ती होती.

एकाच हातातील चार दोऱ्या

या वाहिनीची मालकी 'ॲडेल्फिया' या केबल कंपनीकडे होती, आणि ॲडेल्फिया म्हणजे रिगास कुटुंब. ग्रीक स्थलांतरितांचे चिरंजीव असलेले जॉन रिगास यांनी १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील कौडर्सपोर्ट या खेडेवजा गावात एक चित्रपटगृह विकत घेतले. पुढल्याच वर्षी ३०० डॉलर देऊन त्यांनी त्या गावाला केबलने चित्रवाणी पुरविण्याचा परवाना मिळविला. डोंगराळ भागात साध्या ॲन्टेनावर चित्र येत नसे. तेव्हा उंचावर एक मोठा ॲन्टेना उभारून तेथून तारेने घरोघर चित्र पोचवावयाचे, एवढाच तो धंदा होता. बंधू गस हेही त्यात उतरले. १९७२ मध्ये कंपनीला नाव देण्यात आले ते ग्रीक भाषेतील 'बंधू' या अर्थाच्या शब्दावरून. १९८६ मध्ये कंपनीचे भाग बाजारात आले. २००२ पर्यंत ५७ लाख ग्राहक असलेली ही कंपनी देशातील सहाव्या क्रमांकाची केबल कंपनी झाली होती. आणि तिचे मुख्य कार्यालय अद्याप अडीच-तीन हजार वस्तीच्या कौडर्सपोर्टमध्येच होते.

बफेलो हे ॲडेल्फियाचे महत्त्वाचे क्षेत्र. शहरातील घरांत केबल तिची, त्या केबलवरील क्रीडावाहिनी तिची. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, नॉक्स बंधूंच्या अखेरच्या काळात, सेबर्स संघही रिगास कुटुंबाच्या ताब्यात आला. २००० मध्ये कंपनीने एक रेडिओ केंद्र घेऊन तेही खेळाला वाहिले. म्हणजे संघ, सामने दाखविणारी वाहिनी, वाहिनी घरात आणणारी तार आणि संघाची चर्चा करणारा रेडिओ, अशा चारही दोऱ्या एका हातात आल्या. शहराच्या जलतीरावर ॲडेल्फियाची टोलेजंग इमारत उभी राहणार, हजारो नोकऱ्या येणार, अशी स्वप्नेही रंगू लागली. पोलाद गेलेल्या शहराला नवा अन्नदाता लाभल्याचा आनंद झाला असेल, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत.

या रचनेचे फायदे खरे होते. वाहिनीला आपल्या शुल्कासाठी केबल कंपनीशी भांडावे लागत नव्हते, कारण दोघी एकाच घरच्या. संघाला हक्कांची किंमत कोण देणार याची चिंता नव्हती. परंतु घेणारा आणि देणारा एकच असला की किमतीला अर्थ उरत नाही. वाहिनी नफ्यात आहे की तोट्यात, संघाला मिळालेली रक्कम ही किंमत आहे की उसनवारी, हे बाहेरच्याला तर नाहीच, कदाचित आतल्यालाही नीट कळेनासे होते. शिवाय चार दोऱ्या एका खुंटीला बांधल्या की त्या खुंटीवर चौघींचा जीव टांगलेला असतो.

तळटिपेतील भूकंप

खुंटी निखळली ती २७ मार्च २००२ रोजी. ॲडेल्फियाने आपले तिमाही निकाल जाहीर केले. त्या निवेदनाच्या शेवटी एक तळटीप होती. रिगास कुटुंबाच्या खासगी संस्थांनी ॲडेल्फियाबरोबर संयुक्तपणे घेतलेल्या कर्जांपैकी सुमारे २३० कोटी डॉलरची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते आणि ती ताळेबंदात दाखविलेली नाही, असा तिचा आशय. या कर्जातील मोठा भाग कुटुंबाने ॲडेल्फियाचेच भाग विकत घेण्यासाठी वापरला होता. १९९९ मध्ये कंपनीने ५२० कोटी डॉलरना 'सेंच्युरी' ही केबल कंपनी घेतली आणि इतरही खरेदी केली. कंपनी वाढली, नवे भाग निघाले, तरी कुटुंबाचे वर्चस्व सुटता कामा नये, ही त्यामागची धडपड होती. संचालक मंडळातील नऊ जागांपैकी पाच जागांवर पिता, तीन पुत्र आणि जावई बसले होते. विचारणारा कोण, आणि कोणाला?

पुढचा क्रम वेगाने घडला. २५ जून २००२ रोजी ॲडेल्फियाने दिवाळखोरीच्या न्यायालयात संरक्षण मागितले. २४ जुलै रोजी जॉन रिगास आणि त्यांचे दोन पुत्र यांना अटक झाली. सेबर्सचा कारभार हॉकी संघटनेने आपल्याकडे घेतला आणि १३ जानेवारी २००३ रोजी संघानेही दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी शेजारच्या रॉचेस्टरचे उद्योगपती टॉम गोलिसानो यांनी तो विकत घेतला आणि संघ बफेलोतच राहिला. जुलै २००४ मध्ये ज्यूरीने जॉन व टिमथी रिगास यांना दोषी ठरविले. २० जून २००५ रोजी पित्याला पंधरा आणि पुत्राला वीस वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. पुढे ती थोडी कमी झाली. जॉन रिगास यांनी आपण निर्दोष असल्याचे अखेरपर्यंत सांगितले. २०१६ मध्ये आजारपणामुळे त्यांची सुटका झाली आणि २०२१ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, कौडर्सपोर्टमध्येच त्यांचे निधन झाले. त्या गावाने त्यांचा दानधर्मही पाहिला होता आणि कंपनीच्या पडझडीत गेलेल्या नोकऱ्याही. एका माणसाविषयी या दोन आठवणी एकाच गावाने एकत्र बाळगाव्यात, यात विसंगती नाही.

संघाला गिऱ्हाईक मिळाले. वाहिनीला मिळाले नाही. दिवाळखोर कंपनी ही धनकोंच्या वतीने चालविली जाते. जे विकून पैसा येतो ते विकावयाचे, जे चालवून खर्च होतो ते बंद करावयाचे, हा तेथील धर्म. बफेलोच्या शाळांचे सामने दाखविणे हे न्यूयॉर्कमधील धनकोंच्या कोणत्याच व्याख्येत बसणारे नव्हते. खर्चाला कात्री लागली. २००४ मध्ये रेडिओ केंद्र विकले गेले. ते घेणाऱ्या कंपनीचे त्याच शहरात आधीच दुसरे क्रीडा-रेडिओ केंद्र होते, त्यामुळे स्पर्धेला पूर्णविराम मिळाला. सेबर्सचे हक्क मॅनहॅटनमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या वाहिनीकडे गेले. त्यातच मालक आणि खेळाडू यांच्या तंट्यामुळे हॉकीचा २००४-०५ चा हंगाम सुरूच झाला नाही आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी तो अधिकृतपणे रद्द झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच एम्पायर मिटली. ज्या वाहिनीने हॉकीवर संसार उभारला, तिचा अखेरचा हिवाळा हॉकीवाचूनच गेला.

नंतर काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. हॉकी पुन्हा सुरू झाल्यावर २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे सेबर्स उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. त्यांच्या सामन्यांना मिळणाऱ्या स्थानिक प्रेक्षकांचे प्रमाण अमेरिकेतील हॉकी संघांमध्ये अग्रभागी राहिले. म्हणजे प्रेक्षक तेथेच होते. २०१६ मध्ये तर मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या वाहिनीला पश्चिम न्यूयॉर्कसाठी त्याच नावाची वेगळी शाखा काढावी लागली. मागणी मेली नव्हती. पुरवठ्याची सत्ता तेवढी रस्त्याने सहाशे किलोमीटर दूर गेली होती. सेबर्स दिसत राहिले. मधल्या मंगळवारी दिसणारी शाळा मात्र पुन्हा तशी दिसली नाही.

गैरव्यवहार नसता तर?

येथवरची कथा वाचून कोणी म्हणेल की, हा तर सरळ अपहाराचा मामला. त्यातून वाहिन्यांच्या अर्थकारणाविषयी निष्कर्ष कसा काढावा? आक्षेप रास्त आहे. म्हणून जेथे असा कोणताही अपहार नव्हता अशी उदाहरणे शेजारी ठेवून पाहावी लागतील.

मिनेसोटातील 'ट्विन्स' या बेसबॉल संघाच्या मालकाने २००३ मध्ये 'व्हिक्टरी स्पोर्ट्स वन' ही स्वतःची वाहिनी काढली. येथे केबल कंपनी मालक नव्हती, संघच मालक होता. मागितलेले शुल्क देण्यास प्रमुख केबल आणि उपग्रह कंपन्या तयार झाल्या नाहीत आणि २००४ च्या मे महिन्यात वाहिनी बंद पडली. ह्यूस्टनमध्ये २०१२ साली त्याहून मोठा प्रयोग झाला. बेसबॉलचा 'ॲस्ट्रोज', बास्केटबॉलचा 'रॉकेट्स' आणि 'कॉमकास्ट' ही बलाढ्य केबल कंपनी या तिघांनी मिळून वाहिनी काढली. दोन संघांचा वाटा तीन-चतुर्थांशाहून अधिक, उरलेला कॉमकास्टचा. कॉमकास्टने वाहिनी आपल्या ग्राहकांना दिली, इतर कंपन्यांनी शुल्क भारी म्हणून नाकारली. परिणामी शहरातील सुमारे चाळीस टक्के घरांतच ती दिसे. सप्टेंबर २०१३ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये वाहिनीचा अध्याय संपला. साठ टक्के घरांना आपल्याच शहराचा संघ घरबसल्या पाहता येत नव्हता, आणि त्याबद्दल मालकांच्या बैठकीत त्यांच्या वतीने बोलणारे कोणीही नव्हते.

पुढचा धक्का तर एकूण व्यवस्थेलाच बसला. आंतरजालावरून कार्यक्रम थेट मिळू लागल्यावर लोक केबल सोडू लागले आणि न पाहणाऱ्यांच्या वर्गणीवर उभा असलेला डोलारा डळमळला. २०१९ मध्ये सिंक्लेअर कंपनीने १,०६० कोटी डॉलर मूल्याच्या व्यवहारात एकवीस प्रादेशिक क्रीडावाहिन्या एकदम घेतल्या. खरेदी बहुतांशी कर्जावर होती. मार्च २०२३ मध्ये, सुमारे ८०० कोटी डॉलरचे कर्ज डोक्यावर असताना, त्यांची चालक कंपनी दिवाळखोरीत गेली. येथे मालक ना केबल कंपनी होती, ना संघ. चित्रवाणी केंद्रांचा व्यवसाय करणारी तिसरीच कंपनी होती.

तेव्हा मालक कोण, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. केबलवाला मालक झाला, संघ मालक झाला, दोघे मिळून झाले, तिऱ्हाईत झाला. शेवट साधारण सारखाच. या चारही उदाहरणांत समान असलेली गोष्ट एकच. ज्या गावाच्या आवडीवर वाहिनी जगते आणि ज्या गावाच्या मासिक बिलातून तिचा खर्च निघतो, त्या गावाला तिच्या कारभारात एकही मत नाही. गाव गिऱ्हाईक आहे, माल आहे आणि तारणही आहे. कारण त्याच्या भावी वर्गणीवरच तर ही सारी कर्जे काढली जातात. नाही तो फक्त भागीदार.

भागीदारीचा शेजारधर्म

गावाने भागीदार व्हावे ही कल्पना स्वप्नाळू नाही, हे दाखविणारे उदाहरण बफेलोपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. रॉचेस्टरमधील 'रेड विंग्ज' हा बेसबॉल संघ त्याची वरिष्ठ संघटना सोडून देणार असे दिसताच, १९५७ मध्ये मॉरी सिल्व्हर या स्थानिक व्यापाऱ्याच्या पुढाकाराने लोकांनी त्याचे भाग विकत घेतले. भागधारक आठ हजारांहून अधिक झाले आणि संघ गावात राहिला. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या लहान शहराचा फुटबॉल संघ १९२३ पासून सार्वजनिक भागधारकांच्या मालकीचा आहे. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, तरी आज पाच लाखांहून अधिक लोक ते बाळगून आहेत. फुटबॉल संघटनेचे नियम असा दुसरा संघ आता निर्माण होऊ देत नाहीत, ही बाब मोठी बोलकी आहे. जी रचना शंभर वर्षे टिकली तिला मनाई, आणि जी पुनःपुन्हा कोसळली ती मात्र रूढ!

संघ चालविणे आणि वाहिनी चालविणे यांत फरक आहे, हे मान्य. वाहिनीला सतत भांडवल लागते, तंत्र बदलत राहते, आणि आठ हजार भागधारकांची सभा भरवून रोजचे निर्णय घेता येत नाहीत. सार्वजनिक मालकी म्हणजे कार्यक्षमतेची हमी नव्हे, हे सहकारी संस्थांचा अनुभव असलेल्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. म्हणून सर्वच वाहिन्या लोकांच्या मालकीच्या कराव्यात, असा सरधोपट उपाय येथे सुचवावयाचा नाही. मागणे त्याहून लहान आहे. ज्या संस्थेचा खर्च एखाद्या समाजाच्या सार्वत्रिक वर्गणीतून निघतो, तिचे हिशेब त्या समाजाला दिसले पाहिजेत. तिच्या नावावर दुसऱ्या धंद्याची कर्जे काढता येऊ नयेत. ती मोडीत निघण्याची वेळ आली, तर धनकोंबरोबर त्या समाजाच्या प्रतिनिधीलाही न्यायालयात उभे राहता आले पाहिजे, आणि ती चालवावयास घेण्याची पहिली संधी गावातील संस्थांना मिळाली पाहिजे. एवढे असते तर एम्पायर वाचलीच असती, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु तिच्या मृत्यूचा निर्णय घेताना बफेलोला कोणी विचारले तरी असते.

यावर बाजाराचा कैवारी म्हणेल की, मॅनहॅटनच्या वाहिनीवर सेबर्स दिसत होतेच. मग गेले काय? गेला तो किरकोळ माल. शाळेचा सामना, महाविद्यालयाचा संघ, बायसन्सची एखादी संध्याकाळ, आणि त्यांच्याविषयी बोलणारे लोक. बाजार या वस्तूंची किंमत शून्य धरतो, कारण त्या दुसऱ्या गावात विकल्या जात नाहीत. पण गावाचे गावपण नेमके अशाच, दुसरीकडे न खपणाऱ्या वस्तूंत साठलेले असते. धान्याची जहाजे बफेलोला वळसा घालून गेली, त्याला भूगोल कारण होता. पोलाद गेले, त्याला परदेशी स्पर्धा आणि जुनी यंत्रे अशी कारणे सांगता आली. एम्पायरच्या बाबतीत मात्र ग्राहक हजर होता, माल हजर होता, आणि काम जाणणारी माणसेही हजर होती. कौडर्सपोर्टमधील एका कुटुंबाची वर्चस्वाची हाव आणि एका ताळेबंदाची तळटीप यांपायी ती गेली. ज्याची वर्गणी त्याची विचारपूस, हा साधा नियम पाळला गेला नाही, तर प्रेक्षकांची निष्ठा कितीही अढळ असली तरी तिच्यावर कोणतीही संस्था टिकत नाही, हे बफेलोने मोजलेल्या किमतीवरून दिसते.